मंगळाला दिसेल एवढा जाळ

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेते. सून म्हणते, आईंना डासांचा फार राग. मी हो म्हणते. नव्वदीच्या बाईला डासांचा राग आहे हे कुणालाही पटतं.

परवा नातवानं मोबाइलवर मंगळाचं चित्र दाखवलं. तांबडी माती, धोंडे, आणि मधून गेलेल्या यंत्राच्या चाकांच्या खुणा. म्हणाला, "आजी, इथे एके काळी पाणी वाहत होतं. म्हणजे जिवंत काहीतरी असेलही." मी विचारलं, "पाणी संपल्यावर ते गेले कुठे?" तो खूप हसला. त्यानं ते आपल्या बायकोलाही सांगितलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आमचं गाव कर्जत आणि खालापूरच्या मधलं. वीस-बावीस घरं, त्यांतली सहा मुसलमानांची. बाबा मुंबईला गोदीत हमाल होते. त्यांचं नाव लडकू. घरी आई, मी आणि माझा दोन वर्षांचा भाऊ पोपट. आईला आम्ही आये म्हणत असू. बाबा दोन महिन्यांतून एकदा कर्जतला उतरून तीन कोस चालत यायचे. मधल्या दिवसांत त्यांचं कार्ड यायचं, ते वाचता यावं एवढ्याचसाठी मला शाळेत घातलं होतं. गावातल्या मुली शाळेत दोघीच, मी आणि अलीचाचांची शरीफा. एका खोलीत चार इयत्ता आणि एकटे घाणेकर मास्तर.

एकोणीसशे त्रेचाळीस सालचा मार्गशीर्ष. मी नऊ वर्षांची. दिवे लागायच्या वेळेला खंडाळ्याच्या घाटामागून एक लालभडक तारा वर यायचा. तो लुकलुकत नसे, नुसता रोखून बघायचा. कमळ्या नावाचा मुलगा शाळेत म्हणाला, "आमची म्हातारी सांगते, ह्यो तारा निघाला की लढाई व्हते."

"लढाई चार वर्षांपूर्वीच सुरू झालीय," मास्तर म्हणाले. "आणि हा तारा नाही. हा मंगळ. पृथ्वीसारखाच मातीचा गोळा आहे."

त्यांनी फळ्यावर गोल काढला आणि त्याच्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढल्या. मोठ्या दुर्बिणीतून बघणाऱ्या काही विद्वानांना अशा रेघा दिसल्या म्हणाले. त्यांना ते कालवे वाटले.

शरीफा लगेच उभी राहिली. तिला उभं राहायला कारण लागत नसे. "मास्तर, कालवा हाय म्हंजे खननारा पन असंल की."

"शाबास! हाच तर प्रश्न आहे. काही जण म्हणतात, तिथलं पाणी आटत चाललंय, म्हणून तिथले जीव लांबून कालव्यानं पाणी आणतात. काही म्हणतात, रेघाबिघा काही नाहीत, नजरेचा खेळ. खरं काय ते अजून कुणालाच माहीत नाही."

मी सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी विचारलं, "आपण त्यांना बघतो, तर ते आपल्याला बघत असतील?"

मास्तर हसले. चांगला माणूस होता, मुलांना हसवायला आवडायचं त्यांना. "दिवसा काही दिसायचं नाही त्यांना. पण उन्हाळ्यात तुमचे राब पेटले की ह्या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत जाळाच्या रेघा उठतात ना? त्या बघून ते म्हणत असतील, अरे, पृथ्वीवर कालवे आहेत!"

सगळा वर्ग हसला. शरीफा तर बाकावर आडवी झाली. मला मात्र हसू येईना.

कारण माझा हिशेब सरळ होता. त्यांचं पाणी संपलेलं. आमच्या पाताळगंगेला वैशाखातही पाणी, घाटावरचं पाणी खोपोलीच्या वीजघरातून खाली नदीत येतं म्हणून. बाकीचे ओढे कोरडे पडायचे, नदी वाहायची. पाणी शोधणाऱ्यानं दुसरीकडे कुठे जावं? आणि आपण इथे आहोत हे त्यांना कुणी सांगायचं, तर आमच्याच राबांनी.

राब म्हणजे काय हे आता माझ्या नातवंडांनाही सांगावं लागतं. भाताची रोपं ज्या वाफ्यात करायची, तो वाफा आधी भाजून काढायचा. त्यासाठी थंडीपासून आये राबत असायची. आधी शेणाचा थर, त्यावर झाडांची छाटलेली टाळ, मग गवत, पाचोळा, आणि सगळ्यांवर भुसभुशीत मातीचा पातळ थर. उन्हाळ्यात वारा पडलेला बघून संध्याकाळी ते पेटवायचं, तेही वाऱ्याच्या उलट्या बाजूनं. म्हणजे जाळ मागे मागे सरकत धुमसतो, खालची माती भाजते, तणाचं बी मरतं. घाईनं जाळला तर राब वरच्यावर भडकतो, खाली माती कच्चीच राहते, आणि मग श्रावणात रोपापेक्षा तणच जास्त. आमच्या वर्षाच्या भाताची सुरुवात त्या काळ्या चौकोनातून व्हायची.

शाळेतून येताना मी शरीफाला माझा हिशेब सांगितला.

"येऊ देत की," ती म्हणाली. "आमच्या अब्बाकडं बंदूक हाय."

"चालते?"

"चालत नाय. पन लांबून भारी दिसते."

पौष गेला, माघ गेला. मंगळ आता डोक्यावर यायला लागला, मग पश्चिमेला कलायला लागला, आणि मला दिसलं की तो बारीक होतोय. आधी निखाऱ्यासारखा होता, मग पणतीसारखा. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, लांब चाललाय. मला बरं वाटायला हवं होतं.

पण शिमग्याला बाबा आले आणि ते बरं वाटणंही राहून गेलं. जेवताना ते मुंबईच्या गोष्टी सांगायचे. लढाईच्या भीतीनं दिव्यांना काळे कागद कसे लावले, खिडकीतून उजेडाची एक रेघ बाहेर पडली तर शिट्टी कशी वाजायची. "वरनं दुश्मनाच्या इमानाला उजेड दिसला का तो बरोब्बर तितंच बॉम्ब टाकतो," बाबा म्हणाले. "आनि तो येताना सोताचे दिवे मालवून येतो. लांब आसंल तर दिवा दिसतो. जवळ आला का काळोख."

घास माझ्या हातातच राहिला. लांब असेल तर दिवा दिसतो. जवळ आला की काळोख. म्हणजे मंगळ बारीक होत नव्हता. ते दिवे मालवत होते.

ह्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. अंधार पडला की मी अंगणात जाणं सोडलं. आयेनं पाणी मागितलं तर पोपटला कडेवर घेऊन जायची, जसा काही दोन वर्षांचा तो मला राखणार होता. रोज वर बघायची आणि रोज तो लाल ठिपका कालच्यापेक्षा मंद असायचा. नदीवर एखादा मोठा धोंडा जागचा हलला आहे असं मला वाटायचं. आये म्हणायची, पोरीला नजर लागली. तिनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, बाबांचं कार्ड आलं. मी वाचून दाखवलं. "शनिवारी येतो. राब मी आल्यावर लावा. आबाजींना वारा बघून ठेवायला सांगा." आबाजी म्हणजे आमचे शेजारी, गावातले सगळ्यांत जुने शेतकरी. बोट ओलं करून हवेत धरायचे आणि सांगायचे, आज लावा, उद्या लावा.

शनिवारी संध्याकाळी राब पेटणार. बाबा जाळाजवळ उभे राहणार, हातात लांब काठी, अंगावर सगळा उजेड. वरून बघणाऱ्याला सगळ्यांत आधी तेच दिसणार.

"आये, यंदा राब नको लावू."

"मग भात काय आभाळातनं पडंल?"

"तसं नाय. संध्याकाळी नको. दिवसा लाव."

"दिवसा वारा असतो गं. अक्कल गहान टाकलीस काय? आबाजी ऐकतील तर हसतील." मग तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप तर नाय. जा, शेरडी बांध."

मला खरं कारण सांगता आलं असतं. पण मोठ्यांना सांगायची ती गोष्ट नव्हती. आणि मास्तरांनीच सांगितलं होतं ना, दिवसा काही दिसायचं नाही त्यांना. उपाय त्यातच होता. बाबा यायच्या आधी, लख्ख उन्हात राब जळून गेला तर शनिवारी पेटवायला काही उरणारच नाही.

शुक्रवारची दुपार. चौदा एप्रिल. ही तारीख पुढे सगळ्या मुंबईच्या लक्षात राहिली, पण माझ्या ती वेगळ्या कारणानं लक्षात आहे. आये धुणं घेऊन नदीवर गेली होती. आबाजी त्यांच्या ओटीवर घोरत होते. पोपट घरात झोळीत झोपला होता. मी चुलीतले निखारे फुटक्या खापरीत घेतले, त्यावर शेणीचा तुकडा ठेवला आणि मागल्या अंगाला राबाकडे गेले.

वारा होता. पश्चिमेचा, दुपारचा, गरम. मला तो जाणवलाही नाही. मला एवढंच कळत होतं की ऊन पांढरंशुभ्र आहे आणि वर काही नाही. मी घरापासून लांबच्या कडेला खापरी उपडी केली. वाऱ्याच्या तोंडाशीच. आबाजींनी पाहिलं असतं तर काठीनं बडवलं असतं.

आधी नुसता धूर. मग फड्फड् असा आवाज झाला आणि जाळ उठून पळायलाच लागला. राब धुमसतो, सरकतो, एवढंच मी जन्मभर पाहिलं होतं. हा माझ्या डोक्याएवढा उंच होऊन वाफ्यावरून धावला, घराकडच्या टोकाला पोचला आणि पेंढ्याच्या उडवीवर एक जळतं पान जाऊन बसलं. उडवीच्या मागे आमचं घर. घरात पोपट.

शरीफा ओरडली. ती कुठून आली कोण जाणे. "आग! आग लागली! आबाजीबाबा, उठा!" आणि ती सरळ आमच्या घरात शिरली, पोपटला झोळीतून ओढून काखेत मारून बाहेर आली. तो रडत होता, ती त्याला म्हणत होती, "गप रं, मेल्या, तुझी बहीन येडी झालीय."

मग माणसं आली. अलीचाचा आणि त्यांची माणसं जुम्म्याच्या नमाजाचेच धुवट कपडे अंगावर घेऊन धावली. आबाजी अनवाणी आले. आये नदीवरून ओली धुणी टाकून आली. ओल्या फांद्यांनी सगळे जाळ बडवत होते. उडवी अर्धी वाचली, घराला धग लागली पण घर राहिलं.

आणि सगळे धापा टाकत उभे असताना तो आवाज झाला.

मी ऐंशी वर्षं तो आवाज सांगायचा प्रयत्न करते आहे. ढगाचा नव्हता, सुरुंगाचा नव्हता. फार लांबून आला आणि तरी पायांखालून आला. कौलं खडखडली, आयेच्या मडक्यांच्या उतरंडीतलं वरचं गाडगं पडून फुटलं. आंब्यावरचे सगळे कावळे एकदम उठले. मग काहीच नाही. आभाळ पार कोरं. एक ढग नाही.

"काय झालं?" आये म्हणाली.

आबाजींनी सवयीनं बोट ओलं करून हवेत धरलं, आणि मग त्या बोटाकडे बघतच राहिले.

मला माहीत होतं काय झालं. मी घरात पळाले, रिकाम्या कणगीत उतरले आणि वरून गोणपाट ओढून घेतलं. कणगीत जुन्या भाताचा वास आणि पूर्ण काळोख. तिथे मी बसले असताना दुसरा आवाज आला, पहिल्याहून मोठा. कणगी हलली. माझ्या केसांत कोंडा पडला. मी मनात म्हणत होते, दिवसा दिसत नाही, दिवसा दिसत नाही. पण त्यांना दिसलं होतं. किंवा ते इतके जवळ आले होते की आता दिवस-रात्रीनं काही फरक पडत नव्हता.

शरीफानं मला शोधून काढलं. गोणपाट उचलून ती म्हणाली, "सोने, भाईर ये. कोन आलं नाय."

"तू बघितलंस?"

"मी टेकाडावर चढून बघितलं. कोन नाय." मग तिचाही आवाज बारीक झाला. "पन मुंबईकडं धूर हाय."

सूर्य बुडाला तरी पश्चिम लालच राहिली. रोज लाली येते आणि जाते. ही गेली नाही, उलट वाढली. सगळं गाव टेकाडावर उभं होतं. कुणी म्हणालं वणवा, कुणी म्हणालं जपान्यांनी मुंबईवर बॉम्ब टाकले. आये पोपटला घट्ट धरून त्या लालीकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे. त्या लालीच्या खाली बाबा होते. मी त्यांना वाचवायला गेले होते आणि जाळ दाखवून मंगळावरच्यांना मीच बोलावलं होतं.

सकाळी अलीचाचांनी बैलगाडी जुंपली आणि कर्जतला गेले. संध्याकाळी परत आले ते गाडीतून उतरलेच नाहीत, तिथूनच आयेला म्हणाले, "जयवंताबाय, मुंबईहून येनाऱ्या गाड्या मानसांनी भरून येतायत. लोक सांगतात, गोदीत बोट फुटली. बोटीत दारूगोळा व्हता, कापूस व्हता. आग अजून चालू हाय. कोन गेलं, कोन हाय, कोनाला ठावं नाय. मी लडकूचं नाव घेऊन सगळ्या डब्यांपुढनं हाका मारल्या."

"गोदीत," आये म्हणाली. एवढंच.

तो शनिवार होता. बाबा यायचा दिवस. आयेनं त्यांच्या वाटणीची भाकरी केली आणि झाकून ठेवली. रविवारी ती भाकरी शेरडीला घातली आणि नवी केली. सोमवारीही तसंच. रडली नाही. सोमवारी दुपारी कोयता घेऊन ती टाळ छाटायला गेली. जळलेला राब कच्चा राहिला होता, बोट खुपसलं तर खाली माती गार. तिला तो पुन्हा रचायचा होता. आबाजींनी आपल्याकडचा टाळीचा एक भारा आणून टाकला. मग अलीचाचांच्या घरून पेंढा आला. मग एकेका घरातून काही ना काही. माझा राब कसा पेटला हे मला कुणी विचारलं नाही. त्या दिवसांत आमच्या घरी कुणी काही विचारत नव्हतं.

मी मास्तरांकडे गेले. शाळा सुटल्यावर, एकटी.

"मास्तर, ते आले ना?"

"कोण गं?"

"मंगळावरचे. मी राब लावला म्हणून."

त्यांना आधी आठवलंच नाही. मग आठवलं आणि ते हसायला लागले, आणि मग माझ्याकडे बघून त्यांचं हसणं मधेच थांबलं. खुर्चीवरून उठून ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. मास्तर जमिनीवर बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

"सोने, ती बोट माणसांची. दारूगोळा माणसांनी भरलेला. वरून कुणीही आलं नाही. तुझ्या राबाचा आणि त्याचा काही संबंध नाही."

"पण तुम्हीच म्हणालात, खरं काय ते कुणालाच माहीत नाही."

ते म्हणाले, "हो. तसं मी म्हणालो होतो." मग मला घरापर्यंत सोडायला आले. वाटेत दोनदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा नुसता घसा साफ केला. त्यांनी ठासून सांगितलं असतं तर मी कदाचित विश्वास ठेवला असता.

बाबा मंगळवारी संध्याकाळी आले.

नदीच्या बाजूनं चालत येताना शरीफाला आधी दिसले. ती ओरडत पुढे पळाली, "लडकूकाका! लडकूकाका!" बाबांनी मान वर केली नाही. ती अगदी समोर जाऊन उभी राहिली तेव्हा दचकले. भुवया जळालेल्या, सदरा दुसऱ्याच कुणाचा तरी, पायांत काही नाही. आये दारातून धावली, तिनं त्यांचे दंड धरले, काही काही विचारत राहिली, आणि ते तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"आयकू येत नाय," बाबा म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले, जसे काही नदीपलीकडच्या माणसाशी बोलत होते. "कान गेले! नळावर पानी प्यायला वाकलो व्हतो! भिंत मधी आली, म्हनून हाय! बाकीचे..." आणि मग गावभर ऐकू जाईल अशा त्या आवाजात ते पुढचं काही बोलले नाहीत.

आयेनं त्यांना ओटीवर बसवलं. मी खांबाआड होते. पाणी पिऊन झाल्यावर त्यांची नजर मागल्या अंगाला गेली. अर्धी उडवी, काळी पडलेली भिंत, आणि नव्यानं रचायला घेतलेला राब.

"राब कोनी लावला?" बाबांनी विचारलं.

आबाजी आयेकडे बघायला लागले, आये पोपटकडे. कुणी काही बोललं असतं तरी त्यांना ऐकू जाणार नव्हतं. थोडा वेळ वाट बघून त्यांनी हात हलवला, जाऊ दे म्हणून.

बुधवारी आबाजी बोट ओलं करून म्हणाले, "वारा मेलाय. आज लावा."

मी घरात लपणार होते. पण बाबांनी मला बाहेर हात धरून नेलं. त्यांना आता एकटं राहायला नको वाटायचं, हे मला फार नंतर कळलं. घराकडच्या टोकाला आबाजींनी विस्तव टेकवला, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. जाळ उठला, पण पळाला नाही. खाली मान घालून एकेक वीत मागे सरकत राहिला. धूर सरळ वर गेला. उजेड बाबांच्या चेहऱ्यावर, माझ्या हातांवर, सगळीकडे. डोंगराच्या कडेनं इतरांचेही राब लागले होते, एकामागे एक, लांबपर्यंत रेघा.

मी वर बघितलं. नको नको म्हणत बघितलंच. पश्चिमेला, जोडीनं असलेल्या दोन ताऱ्यांच्या खाली तो होता. इतका बारीक की माहीत नसेल त्याला दिसूच नये. दिवे मालवलेला.

माझा धीर सुटला. "बाबा, मी लावला राब! मीच लावला! त्यांना दिसू नये म्हणून दिवसा लावला, आणि त्यांना दिसलं, आणि म्हणून तुमी..." मी जीव तोडून ओरडत होते. जाळ तडतडत होता. बाबांनी माझं तोंड हलताना पाहिलं, त्यांना वाटलं पोर जाळाला भ्याली. त्यांनी मला उचललं आणि छातीशी धरलं. उजेडात, सगळ्यांत उंच.

पुढे त्यांना एका कानानं थोडं ऐकू यायला लागलं. मला सांगता आलं असतं. अठ्ठावीस वर्षं जगले ते त्यानंतर. मी सांगितलं नाही.

आये मात्र मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. जवळ येऊन म्हणाली, "ठावं हाय मला. खापरी राबातच पडली व्हती."

"मग मारलं का नाहीस?"

"मारून कान येनार व्हते?" मग तिनं विचारलं, "कोनाला दिसू नये म्हनालीस?"

मी बोट वर केलं. आये बराच वेळ तिकडे बघत राहिली. तिला तो दिसला की नाही, मला माहीत नाही. ती हसली नाही. वेडी का गं, असंही म्हणाली नाही. तिनं मला बाबांच्या हातातून खाली घेतलं, डोक्यावरचा पदर सोडला आणि त्याचं टोक माझ्या डोक्यावरून ओढून मला पायांपर्यंत झाकून टाकलं.

"मग तू नको दिसूस," ती म्हणाली.

आणि ती स्वतः उघड्या डोक्यानं, हातात काठी घेऊन, राब पुरता भाजेपर्यंत तिथेच उजेडात उभी राहिली.